पिस्तुलावरचा लेझर ठिपका

आजचा विषय आपल्या गावच्या पारावरचा नाही. तो आहे दूर अमेरिकेतला. त्या देशात सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगण्याची, आणि ते कपड्याआड ठेवून बाजारहाटाला जाण्याचीसुद्धा मुभा आहे. १७९१ साली त्यांच्या राज्यघटनेत जी दुसरी दुरुस्ती झाली, तिच्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगितला आहे. आणि जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क घराच्या उंबरठ्याबाहेरही लागू आहे असा निर्णय दिला. तपशील मात्र राज्याराज्यांत निरनिराळा. टेक्सासमध्ये २०२१ पासून बहुतेक प्रौढांना त्यासाठी परवानाही लागत नाही, तर न्यू जर्सीत परवान्यावाचून पिस्तूल खिशात घालणे हा गुन्हा आहे. या दोन्ही राज्यांत आपली मराठी माणसे पुष्कळ आहेत. कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला, कुणाच्या मेहुण्याचे दुकान. रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवणाऱ्या माणसाच्या मनात पिस्तुलाचा विचार कधीतरी येतोच.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. इथे १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे, परवान्याखेरीज पिस्तूल जवळ ठेवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनांहून अधिक बंदुका ठेवता येत नाहीत. तेव्हा हे वाचून कोणी खरेदीला निघावे असा माझा मुळीच हेतू नाही. मात्र पिस्तुलाला जोडायचा लेझर निवडताना जो प्रश्न पडतो, तो मुळात भूमितीचा आणि डोळ्याचा आहे. शाळेत आपण मुलांना सरळ रेषा आणि प्रकाशकिरण शिकवतो, तेवढ्या ज्ञानावर तो बराचसा सुटतो. आणि सुटला नाही, तर गोळी भलत्याच माणसाला लागते.

आधी साधा नेम कसा धरतात ते पाहू. पिस्तुलाच्या नळीच्या पुढच्या टोकावर एक लहानसा उंचवटा असतो. त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. मागच्या टोकाला एक खाच असते. खाचेतून माशी पाहायची, माशीच्या शेंड्यावर निशाण ठेवायचे. याला जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणत. शब्द मोठा चपखल आहे. आता अडचण अशी की खाच, माशी आणि निशाण या तीन वस्तू तीन निरनिराळ्या अंतरांवर आहेत आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावरचे स्पष्ट पाहू शकतो. शिकवणारे सांगतात, माशी स्पष्ट दिसू द्या, बाकीचे पुसट दिसले तरी चालेल. तरण्या डोळ्याला हे जमते. पण चाळिशी आली की (इथे वय म्हणा की चष्मा म्हणा, आपल्या भाषेत दोन्ही एकच) हातभर अंतरावरची माशीच पुसट होते, आणि सगळा पायाच ढासळतो.

त्यात कपड्याआड बाळगण्याचे पिस्तूल लहान. खाच आणि माशी यांमधले अंतर जेमतेम १२ सेंटिमीटर. समजा माशी एका मिलिमीटरने बाजूला धरली गेली, तर ७ मीटरवर गोळी जवळजवळ ६ सेंटिमीटर बाजूला जाते. पोलिसी बनावटीच्या मोठ्या पिस्तुलात हे अंतर साडेसोळा सेंटिमीटरांच्या आसपास असते. तिथे तीच चूक ४ सेंटिमीटरांवर थांबते. म्हणजे ज्याला सर्वांत कमी सराव, त्याच्या हाती सर्वांत अवघड हत्यार!

लेझर नेमका इथे मदतीला येतो. त्याचा ठिपका थेट निशाणावर उमटतो. खाच नको, माशी नको, डोळ्याने फक्त लांबचे पाहायचे. अंधारात, किंवा माणूस जमिनीवर पडलेला असताना, पिस्तूल डोळ्यासमोर आणता येत नसले तरीही ठिपका दिसतो. वय झालेल्या माणसाला हा खरा फायदा आहे, आणि तो मी कमी लेखणार नाही.

पहिला लेझर १९६० च्या मे महिन्यात अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाने माणकाच्या कांडीतून चमकवला. दोनच वर्षांनी अर्धवाहकाच्या इवल्याशा तुकड्यातून लेझर निघू लागला, तरी तो खिशात मावण्याजोगा व्हायला बराच काळ गेला. १९८४ सालच्या ‘टर्मिनेटर’ या चित्रपटात नायिकेच्या मागे लागलेल्या यंत्रमानवाच्या पिस्तुलावर जो लेझर दिसतो, तो काचेच्या नळीत हीलियम व निऑन वायू भरून केलेला होता, आणि त्याला वीज पुरवणारी तार नटाच्या कपड्यांत दडवावी लागली होती. आज तेच काम हरभऱ्याएवढा अर्धवाहक आणि बटणासारखा सेल करतो. आपल्याकडे शेत सपाट करताना वापरतात तो लेझर, किंवा गवंडी फरशीची पातळी पाहतो तो, ही त्याचीच भावंडे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. ठिपका आहे तिथेच गोळी लागते, असा बहुतेकांचा समज असतो. हा समज अर्धाच खरा आहे. लेझर नळीच्या आत बसत नाही. तो नळीच्या खाली किंवा बाजूला बसतो. म्हणजे किरणाची रेषा वेगळी, गोळीची वाट वेगळी. दोन सरळ रेषा एकमेकींना छेदल्या तर एकाच बिंदूत छेदतात, हे आपण फळ्यावर किती वेळा काढून दाखवले असेल! त्या एका बिंदूवर ठिपका आणि गोळी एकत्र येतात. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे नाही.

आकड्यांत पाहू. समजा लेझर नळीच्या अडीच सेंटिमीटर खाली आहे, गोळीचा वेग सेकंदाला ३०० मीटर आहे आणि दोन्ही रेषा ७ मीटरवर जुळवल्या आहेत. मग साडेतीन मीटरवर गोळी ठिपक्याच्या सुमारे सव्वा सेंटिमीटर वर लागेल. १४ मीटरवर ठिपका वर जाईल आणि गोळी त्याच्या ३ सेंटिमीटर खाली लागेल. २१ मीटरवर हा फरक साडेसहा सेंटिमीटर होतो, कारण तोवर गोळी स्वतःच्या वजनानेही थोडी खाली आलेली असते. एवढा फरक चालण्यासारखा आहे. पण कोणी घाईघाईने घरातल्या खोलीत २ मीटरवरच जुळवणी उरकली, तर? २१ मीटरवर गोळी ठिपक्याच्या २६ सेंटिमीटर खाली, म्हणजे वीतभराहूनही अधिक खाली जाते. ठिपका तर ठसठशीत दिसतोय, बरं का! माणसाचा त्याच्यावर पूर्ण विश्वास. आणि त्या विश्वासाच्या वीतभर खाली कुणाचे तरी मूल उभे असू शकते.

शिक्षक मित्रांनी हे वर्गात जरूर करून दाखवावे. हातभर लांबीची सरळ प्लॅस्टिकची नळी घ्या. एका टोकाला पुठ्ठा चिकटवून मधोमध सुईने भोक पाडा, दुसऱ्या टोकाला दोन दोऱ्यांची फुली बांधा. नळीखाली दहा सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा आणि त्याखाली फळ्यावर दाखवायचा साधा लेझर दिवा बांधा. भिंतीपासून ३ मीटरवर नळी टेबलावर घट्ट बसवून भोकातून पाहा, आणि दिव्याखाली कागदाच्या घड्या सारून ठिपका फुलीवर आणा. मग सगळे टेबल उचलून ६ मीटरवर न्या. ठिपका फुलीच्या दहा सेंटिमीटर वर दिसेल. दीड मीटरवर आणा, तो पाच सेंटिमीटर खाली जाईल. मुलांना दिव्याकडे वाकून मात्र पाहू देऊ नका, आणि भिंतीवर आरसा, काच नाही ना ते आधी बघा.

एवढे समजले की दुकानातली निवड सोपी होते, कारण लेझर कुठे बसतो ही पहिली गोष्ट ठरते. काही लेझर नळीखालच्या खाचेच्या पट्टीला किंवा चापाभोवतीच्या कडीला अडकवतात. काही मुठीतच बसवलेले असतात: मुठीच्या जुन्या बाजू काढायच्या, लेझरवाल्या नव्या लावायच्या. मूळच्या ऑरेगॉन राज्यातल्या क्रिम्सन ट्रेस कंपनीचे नाव याच तऱ्हेच्या मुठींमुळे झाले. तिसरा प्रकार पिस्तुलाच्या पोटातला. नळीखालच्या स्प्रिंगमधून जाणाऱ्या दांड्याच्या जागी लेझरचा दांडा घालतात. हा नळीच्या अगदी लगत असल्याने दोन रेषांतले अंतर सर्वांत कमी, आणि बाहेरून काही चिकटवलेले नसते. पण याची जुळवणी सहसा कारखान्यातच पक्की केलेली असते. आपल्या पिस्तुलाशी ती पटली नाही तर स्क्रू फिरवून भागत नाही. मुठीतल्या लेझरला दोन्ही दिशांचे स्क्रू असतात, पण तो उजव्या बाजूला असल्यामुळे फरक वरखालीसोबत आडवाही पडतो. जुळवलेल्या अंतरापलीकडे ठिपका डावीकडे सरकतो, गोळी त्याच्या उजवीकडे राहते.

मुठीच्या प्रकारात आणखी एक गंमत आहे, आणि ती दुकानात उभे राहूनच तपासावी. बंदूक हाताळण्याचा एक मुख्य नियम असा की झाडायचे पक्के ठरेपर्यंत बोट चापावर ठेवायचे नाही, ते बाजूला सरळ धरायचे. पण मुठीच्या बाजूला बसवलेल्या लेझरचा किरण नेमका त्याच सरळ धरलेल्या बोटावर अडतो. ठिपका दिसावा म्हणून बोट आत घेण्याचा मोह होतो. एखाद्याच्या हाताची ठेवण अशी असेल की बोट थोडे वर धरले की किरण मोकळा होतो, तर ठीक. नाही तर तो लेझर त्याच्यासाठी नाही, मग तो कितीही चांगला असो.

बटणाचेही तसेच. पट्टीखालच्या लेझरला सहसा बोटाने दाबायचे बटण असते. सुखाच्या वेळी ते सहज सापडते. घाबरलेल्या माणसाचे बोट मात्र ठोकळ्यासारखे होते. मुठीतल्या लेझरची कळ मुठीच्या पुढच्या बाजूला असते आणि मूठ आवळली की आपोआप दबते. काही लेझर म्यानातून बाहेर पडताच पेटतात. म्यानात चुंबक असतो, तो दूर झाला की वीज सुरू. माझ्या मते मूठ आवळल्यावर पेटणारा लेझर सर्वांत शहाणपणाचा, कारण त्यात आठवण ठेवण्यासारखे काही उरत नाही. पण घट्ट धरले की पेटतो आणि सैल धरले की विझतो, हेही लक्षात असू द्यावे. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजोबांनी तो आधी हातात धरून पाहावा.

म्यानाबद्दल कोणी विचारत नाही, आणि खरा अपघात तिथेच होतो. पिस्तुलाखाली लेझर लावला की ते जुन्या म्यानात मावत नाही. मग माणूस सैलसर म्यान घेतो, किंवा तसेच खिशात घालतो, आणि चाप उघडा राहतो. किल्ल्यांचा जुडगा, सदऱ्याची घडी, काहीही त्यात अडकले की गोळी स्वतःच्याच मांडीत. चाप पुरता झाकणारे कडक म्यान त्या लेझरसकट मिळत असेल तरच तो लेझर घ्यावा. मुठीतला आणि पोटातला, या दोघांना बहुधा जुनेच म्यान चालते, हा त्यांचा मोठा गुण. आणि घरात मुले असतील तर पिस्तूल कुलपातच हवे. लाल ठिपका मांजरालासुद्धा नाचवतो, मग मुलांचे काय सांगावे? ठिपका फेकणारी वस्तू त्यांना खेळणेच वाटणार.

आता रंगाचा प्रश्न. बाजारात लाल आणि हिरवा असे दोन. आपल्या डोळ्याला उजेडात सर्वांत तेज वाटणारा प्रकाश ५५५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणजे पिवळसर हिरवा असतो. हिरवे लेझर ५२० किंवा ५३२ नॅनोमीटरचे, म्हणजे त्याच्या शेजारचेच. लाल ६३५ ते ६५० चे, बरेच लांब. शक्ती सारखीच ठेवली तर ५३२ चा हिरवा ठिपका ६३५ च्या लाल ठिपक्याहून चौपट आणि ६५० च्या लालहून आठपट तेज दिसतो. स्वस्त लाल लेझर बहुधा ६५० चा असतो. वेष्टनावरचा आकडा वाचून घ्यावा. शिवाय काही पुरुषांच्या डोळ्यांना जन्मापासून लाल रंग मंदच दिसतो. त्यांनी हिरवाच घ्यावा.

तरीपण भर दुपारच्या उन्हात हिरवाही दहाबारा पावलांपलीकडे शोधावा लागतो, लाल तर जवळजवळ लोपतोच. हिरव्याच्या वाट्याला दोन उणिवा आहेत. त्याचा सेल लवकर संपतो. आणि ५३२ चा हिरवा सरळ निर्माण होत नाही: आधी अदृश्य अवरक्त किरण, त्यापासून दुसरा अवरक्त किरण, आणि मग स्फटिकातून त्याची लहर निम्मी करून हिरवा, अशी तीन पायऱ्यांची करामत असते. कडाक्याच्या थंडीत ही करामत बिघडते. मिनेसोटासारख्या बर्फाच्या राज्यात राहणाऱ्याने म्हणून ५२० चा, थेट अर्धवाहकातून निघणारा हिरवा पाहावा. रात्रीचे दुकान, बंद खोली, एवढ्यापुरता विचार असेल तर लालही पुरतो, आणि सेल जास्त टिकतो.

शक्ती किती घ्यावी हा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. नेमासाठी विकल्या जाणाऱ्या दृश्य लेझरला तिकडे ५ मिलिवॅटची मर्यादा आहे. ही मर्यादा सांभाळणारे खाते म्हणजे त्यांचे अन्न व औषध प्रशासन. ऐकून नवल वाटेल, पण किरण बाहेर टाकणारी उपकरणेही त्यांच्याच देखरेखीखाली येतात. याहून जास्त शक्तीचा ठिपका परभारे मागवून लावू नये. २०२३ साली आपल्याच राज्यात गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीतल्या लेझर दिव्यांनी तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या पुष्कळांना आठवत असतील. विमानाकडे लेझर रोखणे हा अमेरिकेत २०१२ पासून केंद्रीय गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अंगणात उभे राहून ‘किती लांब जातो पाहू’ म्हणून आभाळाकडे धरायची ही वस्तू नाही.

विक्रेते आणखी एक गोष्ट सांगतात: छातीवर ठिपका पडला की चोर पळून जातो, गोळी झाडायची वेळच येत नाही. एखादा पळेलही. पण ज्याने खाली पाहिलेच नाही, ज्याच्या अंगात दारू आहे, त्याचे काय? शिवाय माणसावर पिस्तूल रोखणे हाच तिथे गंभीर गुन्हा ठरू शकतो, झाडले नाही तरी. भीती दाखवायचे साधन म्हणून लेझर घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला हात. ठिपका पहिल्यांदा भिंतीवर पाडला की नवख्याला धक्काच बसतो, कारण तो एका जागी राहतच नाही, मधमाशीसारखा भिरभिरतो. हात आधीही इतकाच हलत होता, तो आता दिसू लागला एवढेच. मग माणूस ठिपका बरोबर मध्यावर येण्याची वाट पाहतो आणि तो आला की चाप हिसकतो. हिसक्याने नळी खाली जाते आणि गोळी हुकते. लेझर हा हिसका बरा करीत नाही. मात्र तो दाखवतो, आणि शिकवणाऱ्याला याचा फार उपयोग होतो. पिस्तूल रिकामे करायचे, दोनदा तपासायचे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायची, आणि पक्क्या भिंतीकडे तोंड करून चाप हळूहळू ओढायचा. ठिपका ज्या दिशेला उडेल ती आपली खोड. खोड गेली की ठिपका चाप सुटेपर्यंत जवळजवळ जागेवर राहतो.

साध्या खाच-माशीचा सराव मात्र सोडू नये. सेल संपतो, भिंगावर धूळ बसते, उन्हात ठिपका दिसत नाही, आणि तो शोधण्यात गेलेला सेकंद परत मिळत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, ते उघड्या खाच-माशीवरच. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या पिस्तूल प्रकारांत लेझरला परवानगीच नाही. हल्ली तिकडे पिस्तुलाच्या वर बसवण्याची लहान काच निघाली आहे, तिच्यात पाहिले की लाल बिंदू दिसतो. तो बिंदू काचेतच असतो, निशाणावर पडत नाही. पुष्कळ जण आता लेझरऐवजी तीच घेतात. पण ती वापरायला पिस्तूल डोळ्यासमोर आणावेच लागते, आणि लेझरचा गुण तर तसे न आणता नेम धरता येण्यातच आहे.

घेतलाच तर पहिल्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर जाऊन तीन, सात आणि पंधरा मीटरवर पाचपाच गोळ्या झाडाव्यात. आपण नेहमी वापरणार तीच काडतुसे घ्यावीत, आणि ठिपक्यापासून गोळ्यांचा घोळका किती सरकतो ते कागदावर लिहून ठेवावे. पिस्तुलाच्या धक्क्यांनी स्क्रू ढिले होतात. काही लेझरचा सेल बदलण्यासाठी तो पिस्तुलावरून उतरवावाच लागतो, आणि परत चढवला की जुळवणी केसभर का होईना सरकते. म्हणून सेल संपायची वाट न पाहता वर्षातला एक दिवस ठरवून तो बदलावा, आणि त्याच दिवशी पुन्हा मैदानावर जाऊन पहिल्या कागदाशी नवा कागद ताडून पाहावा.